इंजिनाला हवी गार हवा!

बोनेट उघडलं की नजर जाते बॅटरीकडे, रेडिएटरकडे, फार तर ऑइलच्या डिपस्टिककडे. इनटेक मॅनिफोल्डकडे सहसा कुणी बघत नाही. एअर फिल्टरमधून आलेली हवा प्रत्येक सिलिंडरला वाटून देणारी ही नळ्यांची जुडी. ती बोल्टने आवळलेली असते नव्वद अंशांच्या इंजिनाला, जवळपास कुठेतरी असतो लाल होईस्तोवर तापू शकणारा एक्झॉस्ट, आणि तिच्या पोटातून जाणारी हवा मात्र शक्य तितकी गार हवी! हा पेच सोडवायला माणसांनी प्लास्टिक वापरलं, सोनं वापरलं, बर्फ वापरला, गाडीचा एसीसुद्धा जुंपला. त्यातल्या या काही भन्नाट गोष्टी.

दहा अंश, तीन टक्के

हवा तापली की फुगते आणि विरळ होते. साधारण हवामानात दर 10 अंशांना ती सुमारे 3 टक्के हलकी होते. 25 अंशांची हवा घनमीटरला 1.18 किलो भरते. तीच 60 अंशांवर गेली की 1.06 किलो. म्हणजे त्याच नळीतून, त्याच आकाराच्या सिलिंडरमध्ये प्राणवायू दहा टक्क्यांनी कमी! पहाटे गाडी जास्त चपळ वाटते तो निव्वळ भास नसतो. दुपारी 38 अंश आणि पहाटे 18 असतील, तर पहाटेची हवा जवळजवळ 7 टक्के दाट असते.

ताकद मात्र त्याच्या निम्मीच घटते

हवा दहा टक्के विरळ झाली तर ताकदही दहा टक्क्यांनी जाईल असं वाटतं. प्रत्यक्षात तेवढी जात नाही. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनांच्या चाचणीत तापमानासाठी जी दुरुस्ती करतात, तिच्यात निरपेक्ष तापमानाचं वर्गमूळ घेतात. त्या हिशोबाने 25 वरून 60 अंशांवर गेल्यावर 100 हॉर्सपॉवरमधले पाच-सहा जातात. कारण गरम हवा व्हॉल्व्हमधून थोडी अधिक वेगाने शिरते, आणि आधीच तापलेली असल्यामुळे आत गेल्यावर तुलनेने कमी तापते. मॅनिफोल्ड गार ठेवून गाडीचं रॉकेट होणार नाही. पण गरम हवेचा दुसरा त्रास आहे नॉकिंगचा, म्हणजे मिश्रण अवेळी आपोआप पेटण्याचा. ते टाळायला गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, स्पार्कचं टायमिंग मागे ओढतो आणि पिकअप आणखी बसतो. उन्हाळ्यात ट्रॅफिकमधून सुटल्यावर गाडी मरगळलेली वाटते त्यात याचाही वाटा असतो.

पूर्वी मॅनिफोल्ड मुद्दाम तापवायचे!

कार्ब्युरेटरच्या जमान्यात गार मॅनिफोल्ड ही डोकेदुखी होती. पेट्रोलचे थेंब थंड भिंतीवर चिकटून ओघळायचे. एका सिलिंडरला भरपूर, दुसऱ्याला थेंबभर. म्हणून अमेरिकन व्ही-8 इंजिनांत एक्झॉस्टचा काही भाग खास बोगद्यातून थेट कार्ब्युरेटरच्या खालून फिरवत. 1955 साली आलेल्या शेवरोलेच्या प्रसिद्ध स्मॉल-ब्लॉक इंजिनात तो बोगदा इतका तापायचा, की मॅनिफोल्डवर नेमक्या त्या जागचा रंग जळून जायचा. जुन्या गाड्या हौसेने उभ्या करणारे आजही तो जळका पट्टा ओळखतात. हौशी रेसवाले मग गॅस्केटमध्ये स्टीलची पातळ पट्टी घालून तो बोगदा बंद करत. हिवाळ्यात सकाळी गाडी कुरकुरायची, पण रेसच्या दिवशी हवा गार मिळायची.

38 अंशांत बर्फ!

मॅनिफोल्ड तापवण्यामागे आणखी एक कारण होतं. पेट्रोलची वाफ होताना ते भोवतालची उष्णता शोषतं. योग्य प्रमाणातलं सगळं पेट्रोल हवेत विरलं तर मिश्रण वीसेक अंशांनी गार होतं. त्यात कार्ब्युरेटरच्या अरुंद घशातून जाताना दाब घसरतो आणि हवा आणखी थंडावते. छोट्या विमानांच्या वैमानिकांना शिकवतात, की बाहेर 21 अंशांच्या खाली आणि दमट हवा असेल तर कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरण्याचा धोका सर्वाधिक. पण 38 अंश आणि 50 टक्के आर्द्रतेतही तो धरू शकतो. म्हणून कॉकपिटमध्ये ‘कार्ब हीट’ची वेगळी दांडी असते. इंजेक्शनच्या कित्येक गाड्यांत थ्रॉटल बॉडीतून कूलंटची बारीक नळी फिरवलेली दिसते, तीही थंड प्रदेशात तिथे बर्फ धरू नये म्हणूनच.

ॲम्बेसेडर आणि ओलं फडकं

ॲम्बेसेडरचं 1489 सीसीचं पेट्रोल इंजिन मूळचं ब्रिटिश बीएमसीचं. त्यात हवा आत घेणारा आणि धूर बाहेर टाकणारा, असे दोन्ही मॅनिफोल्ड एकाच बाजूला, एकमेकांना खेटून होते. इंग्लंडच्या थंडीत ही सोय; आपल्याकडे मे महिन्यात शिक्षा! कसारा किंवा खंबाटकी चढताना बोनेटखालच्या उकाड्याने पेट्रोलची नळीतच वाफ व्हायची आणि पंपाला ती ओढता यायची नाही. ‘गाडीने एअर धरली’ म्हणत ड्रायव्हर कडेला थांबायचा, पेट्रोल पंपावर ओलं फडकं गुंडाळायचा, वरून तांब्याभर पाणी घालायचा आणि दहा मिनिटांत गाडी चालू. यामागचं शास्त्र अगदी चोख होतं. फडक्यातलं पाणी उडून जाताना पंपाची उष्णता घेऊन जातं आणि आतली वाफ पुन्हा द्रव होते.

कुकरच्या मुठीचा भाऊबंद

उष्णता तीन वाटांनी येते: धातूतून सरकत, गरम हवेबरोबर वाहत आणि किरणांवाटे. पहिली वाट अडवायचा स्वस्त उपाय म्हणजे मॅनिफोल्ड आणि हेड यांच्यामध्ये बसवायचा फिनॉलिकचा स्पेसर. फिनॉलिक बॅकेलाइटच्याच कुळातलं. लिओ बेकलँड यांनी 1907 साली शोधलेल्या या पदार्थाने आधी टेलिफोन आणि विजेची बटणं घडवली, मग स्वयंपाकघरातल्या कुकरच्या मुठी. ॲल्युमिनियमच्या तुलनेत तो शेकडो पटींनी कमी उष्णता जाऊ देतो. कार्ब्युरेटरच्या मोटरसायकलींवर इंजिन आणि कार्ब्युरेटर यांच्यामध्ये काळपट किंवा तपकिरी कडक ठोकळा असतो, तोही याच कामाचा. मेकॅनिकने ‘नुसतं पॅकिंग आहे’ म्हणून तो काढून टाकला असेल, तर पुन्हा बसवून घ्या.

स्पेसर चोख, बोल्ट फितूर

स्पेसर बसवला तरी मॅनिफोल्ड आवळणारे बोल्ट स्टीलचेच राहतात. स्टील फिनॉलिकच्या दीडदोनशे पट सहज उष्णता वाहून नेतं. त्यामुळे जाडजूड स्पेसरच्या अख्ख्या पृष्ठभागातून येते त्याहून जास्त उष्णता आठ-दहा बोल्टमधून येऊ शकते! म्हणून चोखंदळ लोक बोल्टच्या डोक्याखालीही उष्णतारोधक वॉशर घालतात. दुसरी गंमत म्हणजे स्पेसरने नळीची लांबी आणि आतली जागा किंचित वाढते आणि तेवढ्यानेही इंजिनाचा स्वभाव बदलतो. पिकअप सुधारला तर श्रेय गारव्याचं की लांबीचं, हे तापमान मोजल्याशिवाय सांगता येत नाही. बसवताना बोल्ट लांब लागतात आणि दोन्ही बाजूंना नीट गॅस्केट लागतं. फट राहिली तर आयडलिंग वरखाली होणार हे नक्की.

प्लास्टिकच्या पोटात वितळणारा धातू

आजच्या बहुतेक गाड्यांचं मॅनिफोल्ड काळ्या प्लास्टिकचं असतं. ते काचतंतू मिसळलेलं नायलॉन. हलकं, स्वस्त, आतून गुळगुळीत आणि उष्णतेला अडवणारं. पण वेड्यावाकड्या पोकळ नळ्या एकसंध साच्यातून काढायच्या कशा? सुरुवातीच्या काळातला तोडगा फार देखणा होता. आधी कथील आणि बिस्मथच्या मिश्रधातूची, नळ्यांच्या पोकळीच्या नेमक्या आकाराची भरीव मूर्ती ओतायची. ती साच्यात ठेवून भोवती वितळलेलं नायलॉन दाबायचं. मग सगळं गरम द्रवात बुडवायचं. हा मिश्रधातू सुमारे 138 अंशांवर वितळतो, तर नायलॉन-66 ला 260 अंशांच्या आसपास जावं लागतं. धातू वितळून ओघळून जातो आणि मागे उरतं पोकळ मॅनिफोल्ड. त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे इतकं गरम नायलॉन अंगावर येऊनही ती मूर्ती विरघळत नाही. धातू उष्णता झटकन आतवर पसरवून टाकतो आणि पृष्ठभाग वितळण्याआधीच नायलॉन गोठतं. पुढे दोन अर्धुकं वेगवेगळी काढून कंपनांनी जोडायची पद्धत आली आणि ही सुंदर प्रक्रिया मागे पडली.

खालून उकळतं तेल

जुन्या व्ही-8 इंजिनांत मॅनिफोल्ड हेच इंजिनाच्या दरीचं, म्हणजे सिलिंडरांच्या दोन रांगांमधल्या खाचेचं, झाकण असायचं. त्यामुळे खालून गरम ऑइलचे शिंतोडे सतत त्याच्या बुडाला. एडलब्रॉक या अमेरिकन कंपनीने ‘एअर गॅप’ मॅनिफोल्ड काढलं: झाकण खाली, नळ्या वर, आणि दोहोंमध्ये मोकळी फट, तिच्यातून हवा खेळती. जनरल मोटर्सने 1997 च्या कॉर्व्हेटमधल्या एलएस-1 इंजिनात तर दरीला स्वतंत्र झाकण दिलं, मॅनिफोल्ड प्लास्टिकचं केलं आणि त्यातून कूलंट फिरवणंही बंद केलं. तापण्याची तीन कारणं एका फटक्यात गेली.

चौथा घात आणि सोन्याचा वर्ख

किरणांवाटे येणारी उष्णता फार लबाड. ती निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते. एक्झॉस्ट 300 वरून 600 अंशांवर गेला, की त्याच्यातून सुटणारी किरणांची उष्णता दुप्पट होत नाही, पाचपटीहून जास्त होते! सुमारे 525 अंशांना धातू अंधारात मंद लाल दिसू लागतो. या वाटेवरचा पहारेकरी म्हणजे पातळ चकचकीत पत्रा. स्वच्छ चकाकतं ॲल्युमिनियम अशा उष्णतेचा दहा टक्क्यांहून कमी भाग शोषतं, गंजकं लोखंड मात्र बहुतेक सगळी. पत्र्यावर तेलकट धूळ बसली की ही करामत संपली, म्हणून हीट शील्ड पुसायलाच हवं. सर्वांत ऐटबाज शील्ड 1992 साली जगासमोर आलेल्या मॅकलारेन एफ-1 चं: इंजिनाच्या खोलीला चक्क सोन्याचा वर्ख! ती दिखाव्यासाठी केलेली उधळपट्टी नव्हती. सोनं ही उष्णता उत्तम परतवतं आणि काळंही पडत नाही.

इंजिनच फिरवलं

कधी कधी वेष्टणं गुंडाळण्यापेक्षा जागा बदलणं सोपं. होंडाच्या आधीच्या अनेक इंजिनांत एक्झॉस्ट पुढे, रेडिएटरच्या बाजूला असायचा आणि इनटेक मागे, कोंडलेल्या हवेत. 2001 च्या सुमारास आलेल्या के-सिरीजमध्ये उलटापालट झाली: इनटेक पुढे, ताज्या हवेकडे, आणि एक्झॉस्ट मागे. बीएमडब्ल्यूने 2008 च्या एन-63 या व्ही-8 मध्ये वेगळीच चाल केली. दोन्ही टर्बो आणि एक्झॉस्ट व्हीच्या मधल्या दरीत, आणि इनटेक मॅनिफोल्ड बाहेरच्या दोन बाजूंना.

टर्बोच्या गाडीत खरा शत्रू आतच

बाहेरून मॅनिफोल्ड कितीही झाका, टर्बो हवेला आतूनच तापवतो. 25 अंशांची हवा दुप्पट दाबाला दाबली आणि कंप्रेसरची कार्यक्षमता 70 टक्के धरली, तर बाहेर पडणारी हवा 118 अंशांच्या घरात जाते. पाणी उकळण्याच्या पुढे! म्हणून ती हवा गार करणारा इंटरकूलर लागतो. सुबारूच्या डब्ल्यूआरएक्स एसटीआय आणि मित्सुबिशीच्या लान्सर इव्होल्यूशनच्या काही मॉडेलांत इंटरकूलरवर पाण्याचा फवारा मारायची सोय कारखान्यातूनच यायची. घाटातल्या ओल्या फडक्याचं तत्त्व इथेही तेच.

थेट पोटात पाणी

1962 च्या ओल्ड्समोबिल जेटफायरला पेट्रोलशिवाय आणखी एक टाकी होती: पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण, नाव ‘टर्बो-रॉकेट फ्लुइड’. टर्बो जोरात आला की ते हवेत मिसळायचं आणि नॉकिंग टळायचं. पण मालक टाकी भरायलाच विसरत, मग बूस्ट आपोआप कमी होई आणि गाडी मंदावे. अर्ध्या शतकानंतर हीच कल्पना बीएमडब्ल्यू एम-4 जीटीएसमध्ये परतली. 5 लिटर पाण्याची टाकी डिकीत, बारीक तुषार थेट मॅनिफोल्डच्या पोकळीत, ताकद 500 हॉर्सपॉवर. पाण्याची वाफ करायला, वजनाला वजन धरलं, तर पेट्रोलच्या सहापट उष्णता लागते. म्हणून थोडकं पाणीही मोठं काम करतं.

इंजिनासाठी एसी

2018 च्या डॉज चॅलेंजर डीमनने तर कमालच केली. ड्रॅग रेसच्या वेळी केबिन गार करणारा एसीचा गारवा ती इंटरकूलरच्या पाण्याकडे वळवते. ड्रायव्हर घामाघूम, हवा थंडगार! रेसच्या इंधनावर या इंजिनाची ताकद 840 हॉर्सपॉवर. साधे ड्रॅग रेसवाले त्याआधीपासून दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात मॅनिफोल्डवर बर्फाच्या पिशव्या ठेवत आले आहेत. खर्च किरकोळ, परिणाम हमखास.

गार पेट्रोल आणि विश्वविजेतेपद

2007 च्या फॉर्म्युला वन मोसमाची शेवटची शर्यत ब्राझीलमध्ये झाली आणि किमी रायकोनेन एका गुणाने विश्वविजेता ठरला. मग गोंधळ उडाला. विल्यम्स आणि बीएमडब्ल्यू सॉबर या संघांच्या गाड्यांतलं पेट्रोल नियमाहून थंड असल्याचा संशय आला. भोवतालच्या हवेपेक्षा 10 अंशांहून जास्त गार इंधन तेव्हा चालत नव्हतं, कारण गार इंधनाने आत जाणारं मिश्रण गार आणि दाट होतं. किताबाचा दुसरा दावेदार हॅमिल्टन सातवा आला होता. त्याच्या पुढच्या त्या तीन गाड्या बाद झाल्या असत्या, तर तो चौथा आणि जगज्जेता! नोव्हेंबरमध्ये अपील फेटाळलं गेलं आणि किताब रायकोनेनकडेच राहिला.

उसाचा गारवा

इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते, शिवाय तेवढ्याच हवेला इथेनॉल जास्त घालावं लागतं. म्हणून इथेनॉलवरचं इंजिन आत येणारी हवा अधिक गार करतं आणि नॉकिंगला अधिक तोंड देतं. आपल्या साखर पट्ट्यातल्या उसापासून बनणाऱ्या इथेनॉलचा हा गुण मायलेजच्या चर्चेत मागे पडतो. मात्र त्याचा पुरेपूर लाभ त्यासाठी घडवलेल्या, विशेषतः सिलिंडरमध्ये थेट इंधन फवारणाऱ्या इंजिनालाच मिळतो.

पळताना नाही, थांबल्यावर तापते

2 लिटरचं इंजिन 6000 आरपीएमला सेकंदाला सुमारे 100 लिटर हवा ओढतं. मॅनिफोल्डची पोकळी 5 लिटर धरली, तर हवा आत टिकते सेकंदाचा जेमतेम विसावा भाग! एवढ्या हवेचं तापमान 17 अंशांनी वाढवायला घरातल्या 2 किलोवॉटच्या गिझरची पूर्ण ताकद लागेल. म्हणून सुसाट पळणाऱ्या गाडीत मॅनिफोल्डच्या भिंती हवेला फारसं तापवू शकत नाहीत. खरी गंमत सिग्नलला. तिथे हवा वीसेक पटींनी कमी वाहते आणि निवांत भाजून निघते. गाडी बंद केल्यावर तर आणखीच: पंखा थांबला, कूलंट थांबलं, आणि इंजिनात साठलेली उष्णता वर चढू लागली. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला डॅटसन 280 झेडएक्समध्ये यासाठी खास छोटा पंखा दिला होता. किल्ली काढल्यावरही तो इंजेक्टरवर वारा घालत राहायचा.

मग आपण काय करायचं?

आधी मोजा. अलीकडच्या बहुतेक गाड्यांत ओबीडी पोर्टला स्वस्तातला डोंगल लावून मोबाइलवर आत जाणाऱ्या हवेचं तापमान दिसतं. हायवेवर ते बाहेरच्या तापमानापेक्षा थोडंच जास्त असेल, तर तुमची गाडी ठीक आहे. बरंच जास्त असेल, तर जाळीच्या मागून एअर फिल्टरच्या डब्याकडे येणारी रबरी किंवा प्लास्टिकची नळी जागेवर आहे का ते बघा. सर्व्हिसिंगनंतर ती निसटलेली असणं फार कॉमन आहे. खडखडतं म्हणून काढून ठेवलेलं हीट शील्ड नव्या स्क्रूने परत बसवा. उघडा कोन फिल्टर लावला असेल, तर त्याला इंजिनाच्या उकाड्यापासून वेगळा करणारा डबा द्या. नाहीतर आवाज रेसचा आणि हवा भट्टीची. एक्झॉस्टला पट्टी गुंडाळायची असेल तर ऑइल गळत नाही ना ते आधी तपासा, कारण तेल प्यायलेली पट्टी पेट घेऊ शकते. स्पेसर, कोटिंग, सोनेरी टेप हे सगळं त्यानंतर. हवा कुठून येते ते बघायला एक पैसा लागत नाही, आणि रोज चालवायच्या गाडीत सर्वांत मोठा फरक तिथेच पडतो.